इथवर

कॅम्पातल्या बंगल्याची भिंत खरवडायला
बोलावलं होतं मला, आठवड्याच्या बोलीवर.
वेल कौलांपर्यंत चिकटलेली.
पत्ती घालून ओढली की
लुगडं फाडावं तसा आवाज,
आणि मागं राहायची तिची पावलं,
बारीक, तपकिरी, चुन्यात रुतलेली,
प्रायमरचे दोन हात मारले तरी
वर येणारी.

"हिच्याइतकी चिवट घाण नाही, साहेब,"
असं म्हणून मी मजुरी वाढवून घेतली.

संध्याकाळी रंगाच्या डब्यात, ओल्या बोळ्यात गुंडाळून
तिचीच एक कांडी घरी आणली.
का, ते विचारू नका.
भागीरथीनंही विचारलं नाही.
तिनं फक्त पश्चिमेची भिंत दाखवली,
चैत्र-वैशाखात जिच्याकडं
पाठ करून झोपता येत नाही, ती.

अनगोळात आमचं घर.
जन्मभर लोकांच्या भिंती लिहिल्या,
'दारात गाडी लावू नये'पासून 'शुभविवाह'पर्यंत,
दोन्ही लिप्यांत.
शिरोरेघ शेवटी ओढायची,
कानडीचा तलकट्टू एका झटक्यात वळवायचा,
हात थांबला की अक्षर मेलं.
रात्रीतनं कुणी डांबर फासून जायचं,
सकाळी पुसायला मलाच निरोप.
मी रेट विचारायचो. बाकी काही नाही.
मग फ्लेक्स आले,
ब्रश रॉकेलात बसले.

स्वतःच्या भिंतीला मात्र
कधी अक्षर लावलं नव्हतं.

पहिलं वर्ष वेल काहीच करीना.
भागीरथी तांदळाचं धुवण घालायची.
"मेलीय ती," मी म्हणायचो.
"जीव धरूलालीय," ती म्हणायची.
नंदगडाहून लग्न होऊन आली तेव्हा
वर्षभर ती या गल्लीत
'हूं'च्या पुढं बोलली नव्हती.

पुढच्या श्रावणात सहा पानं, नखाएवढी.
दिवाळीला गुडघा.
तेव्हा मी निळीची दोरी काढली,
एक टोक तिच्या हातात, एक माझ्या,
मध्ये चिमटीत धरून सोडली, टप्प!
कमरेइतक्या उंचीवर सरळ निळी रेघ.
"इथवर. वर गेली तर कापणार."
"बरं," ती म्हणाली.

होळीच्या आधीच वेल रेघ ओलांडून गेली.
तिनं ती बघितलीच नसावी.
मी कात्री शोधली. कात्री कुठंच नव्हती.
चुलीपाशी भागीरथी भाकरी थापत होती,
जरा जास्तच जोरात.
मग खिडकीच्या माथ्यावर दुसरी रेघ.
तिसरी शिडीवरून.
चौथीला शिडी हलली,
खाली पाय धरून उभी होती ती, म्हणाली,
"आता तुम्हीच इथवर."

आता पाली राहतात वेलीत, मुंग्या,
एक भांडकुदळ बुलबुल.
ओल धरेल, म्हणतात मिस्त्री लोक. धरेल.
दुपारी आतून भिंतीला हात लावला
तर माठाला लावल्यासारखा वाटतो.
कधीमधी भागीरथी पानं बाजूला करून
खालच्या रेघा मोजते. मी बघितलं नाही असं करतो.

परवा शेंडा नीलव्वाच्या भिंतीवर गेलेला दिसला.
कात्री तांदळाच्या डब्यात सापडली.
ती घेऊन मी आपणहून गेलो,
माफीचं कानडी मनात जुळवत.
बोर्ड रंगवताना ते शब्द कधी लागले नव्हते.
नीलव्वानं शेंडा बोटानं उचलला,
भिंतीनं तो सोडला नाही.
तिनं त्याचे पाय डोळे बारीक करून पाहिले,
मग माझ्या हातातल्या कात्रीकडं.
"नम्म ग्वाडीगू ओंद गेरी हाकरी."
आमच्या भिंतीलाही एक रेघ मारा.

घरी आलो. दोरी सापडली, नीळ संपलेली.
"रविवार पेठेत जाऊन येतो, पिशवी दे.
किती आणू? चमचाभर पुरेल."
आतनं भागीरथी म्हणाली,
"पाकीटच आणा."